आदण

आई अमेरिकेला आली ती एप्रिलमध्ये, आणि ती यायच्या आधी दोन दिवस मी तळघरातलं सामान झाकून ठेवलं. तीस लिटरचं स्टीलचं पातेलं, निळा कूलर, तांब्याच्या नळीचं वेटोळं, काचेचा मोठा बुधला आणि रिकाम्या तपकिरी बाटल्यांचे दोन खोके. वरून जुनी चादर टाकली, चादरीवर थंडीचे कोट टाकले. छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशानं आणलेली भांडी आईपासून लपवत होता. बायको जिन्यात उभी राहून बघत होती.

"सांगून टाका ना त्यांना एकदाचं."

"सांगू की," मी म्हणालो. "जाताना सांगू."

आम्ही राहतो ते विस्कॉन्सिन राज्यातलं एक लहान गाव. मी एका सहकारी डेअरीच्या लॅबमध्ये दुधाच्या तपासण्या करतो. गावाबाहेर पडलं की मका, गायी आणि उंच सायलो. आईला हे फार आवडलं. शिकागोच्या विमानतळावर ती घाबरली होती, पण आमच्या रस्त्याला लागल्यावर पहिला गोठा दिसला आणि ती खिडकीला नाक लावून बसली. "शेण कुठं टाकत्यात रं ही माणसं?" हा तिचा अमेरिकेबद्दलचा पहिला प्रश्न.

शेजारी एक जर्मन वंशाचे म्हातारे शेतकरी आहेत, पंच्याहत्तरीचे. गायी आता मुलगा बघतो, हे घरी बिअर करतात. आईनं त्यांचं नाव 'म्हातारबा' ठेवलं आणि मग आमच्या घरात तेच रूढ झालं. म्हातारबांनीच मला पहिल्यांदा स्टाउट पाजली. काळीभोर, वर तपकिरी फेस, पहिल्या घोटाला कॉफी आणि शेवटच्या घोटाला करपलेला गूळ. मी ग्लास खाली ठेवला तेव्हा माझा हात थरथरत होता. ते थरथरणं दारूचं नव्हतं.

त्याचं असं आहे की, आण्णा गेले त्या वर्षी, मी सतरा वर्षांचा असताना, आईनं मला देव्हाऱ्यासमोर उभं करून शपथ घातली होती. बाटलीला हात लावणार न्हाई. मी ती सोळा वर्षं पाळली. पुण्यात हॉस्टेलवर पाळली, इथं आल्यावर ऑफिसच्या पार्ट्यांत संत्र्याचा रस हातात धरून पाळली. आणि मग एका हिवाळ्यात, बाहेर उणे वीस तापमान असताना, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात मोडली.

आमचे आण्णा गुळव्या होते. कोल्हापूर भागात ज्यांचं बालपण गेलं त्यांना गुळव्या म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. गुऱ्हाळावर शंभर माणसं राबली तरी गूळ एकट्याच्या हातात असतो. उसाचा रस काहिलीत पडला की त्याला आदण म्हणतात. खाली चुलवाणात जाळव्या वाळलेली चिपाडं सारत असतो आणि वर गुळव्या उभा. भेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची, झाऱ्यानं काढायची, मग रस उकळत राहायचा, रंग बदलत राहायचा. शेवटी शेवटी आण्णा काहिलीकडं बघायचेही नाहीत. मान तिरकी करून ऐकायचे. बुडबुड्याचा आवाज जड झाला की थोडा पाक थंड पाण्यात सोडायचे, बोटांनी गोळी वळायचे, ती पातेल्यावर फेकायचे. टण्ण वाजली की हात वर. काहील उतरली पाहिजे, त्याच क्षणी. एक मिनिट इकडं तिकडं झालं की गूळ लागला.

हळूहळू ऊस कारखान्याला जायला लागला आणि आमच्या बाजूची गुऱ्हाळं एकेक करून थंड झाली. आण्णांना हंगामात पंधरा दिवस काम मिळायचं, पुढं तेही बंद. एका वर्षी त्यांनी भागीदारीत गुऱ्हाळ चालवायला घेतलं. तोवर पिणं सुरू झालं होतं. ज्या माणसाला आवाजावरून गूळ कळायचा त्याची आदणं लागायला लागली. काळा गूळ. बाजारात त्याला दर नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, ओढ्यापलीकडची हातभट्टी.

हे सगळं मी आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढं जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

बिअर करायचा बेत खरं तर ऑक्टोबरअखेरचा होता, आई परत गेल्यावरचा. पण म्हातारबांच्या खुब्याचं ऑपरेशन नेमकं ऑक्टोबरात ठरलं. "मी कुबड्या घेऊन तुझं पातेलं उचलणार आहे का?" ते म्हणाले, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी त्यांनी परस्पर त्यांच्या गिरणीवर माझं धान्य भरडूनही टाकलं. भरडलेला माल्ट फार दिवस ठेवला तर त्याचा वास उडतो. आता मागं फिरता येत नव्हतं. आईला काय सांगायचं? रात्रभर विचार करून मी एक उत्तर काढलं. म्हातारबांच्या गायींसाठी खाद्य शिजवतोय.

शनिवारी सकाळी बायको ड्युटीवर गेली. मी पातेलं वर आणलं. मी ठेवलं होतं त्यापेक्षा ते जरा जास्तच चकचकीत दिसत होतं, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं. गॅरेजचं दार उघडं टाकून गॅसची शेगडी लावली. म्हातारबा खुर्ची टाकून बसले. त्यांचं तत्त्व असं की पहिल्या वेळी गुरूनं हात लावायचा नाही.

धान्य असं होतं: साडेचार किलो साधा जवाचा माल्ट, अर्धा किलोला थोडं कमी भाजलेलं काळं जव, तेवढेच ओटचे पोहे, आणि पाव-पाव किलोच्या आतबाहेर दोन रंगीत माल्ट, त्यातल्या एकाला चॉकलेट म्हणतात. त्यात चॉकलेट नसतं, रंग तसा असतो. सगळं मिळून सहा किलो. लोक डब्यातला तयार माल्टचा पाक आणून त्यात पाणी ओततात आणि बिअर करतात, मीही तशी दोनदा केली होती. पण म्हातारबांच्या लेखी ती पाकिटातली भाजी. दाण्यापासून केली तर केली.

अठरा लिटर पाणी ७४ अंशांपर्यंत तापवलं, कूलरमध्ये ओतलं, वरून धान्य सोडत ढवळत गेलो. धान्य पडलं की तापमान उतरतं आणि ६७ ला स्थिरावतं, असा हिशेब. स्थिरावलं ६५ ला. उकळतं पाणी तांब्या-तांब्यानं घालून ते वर आणलं. तोवर भाजक्या जवाचा वास गॅरेजभर झाला होता, आणि त्या वासामागून आई आली. पदर खोचलेला, हातात लसणाची पाकळी.

"काय शिजवालाईस?"

"गायींचं खाद्य. म्हातारबांच्या."

आई कूलरवर वाकली. चमच्यानं थोडं वर घेतलं, फुंकलं, जिभेला लावलं. मी थांबवेपर्यंत लावलंसुद्धा.

"गोड हाय," ती म्हणाली. मग म्हातारबांकडं बघून मराठीतच म्हणाली, "बाबा, तुमच्या गायी भाजकं खात्यात?"

म्हातारबांनी कळल्यासारखी मान डोलावली.

"मोड आणून वाळवलेलं हाय हे," आई म्हणाली. "नाचणीच्या सत्त्वाला करतो तसं. तू ल्हान असताना मी काय दुसरं खायला घातलं तुला? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून टांगायची, मोड आलं की सावलीत वाळवायची. मोड आलेली नाचणी गोड हुतीया. ही जव हाय एवढाच फरक."

लॅबमध्ये आठ वर्षं काढलेल्या मला यात भर घालायला काही नव्हतं. दाणा रुजायला लागला की त्यातली विकरं जागी होतात. पिठाची साखर करून कोवळ्या रोपाला भरवायची ही त्यांची कामगिरी. माणूस मध्येच दाणा वाळवतो आणि ती तिथंच थांबतात. पुन्हा गरम पाणी मिळालं की उरलेलं काम पुरं करतात, फक्त आता रोप नसतं. पाणी फार गरम झालं तर ती मरतात, म्हणून तो ६७ चा आटापिटा. तासाभरानं मी थेंबभर रस बशीत घेऊन त्यात आयोडीन टाकलं. पीठ शिल्लक असतं तर निळं-काळं झालं असतं. झालं नाही. आईला हे बघून मजा वाटली. तिनं शिळ्या भातावर एक थेंब टाकायला लावला आणि तो काळा झाल्यावर म्हणाली, "ह्ये भेसळवाल्या दूधवाल्यावर टाकाय पायजे."

मग रस काढायची वेळ आली आणि कूलरची तोटी उघडली तर धार करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी, मग थेंब. ओटच्या चिकटपणानं सगळा थर बसला होता. म्हातारबा हसले. त्यांना ठाऊक होतं. भाताची तुसं चार मुठी घातली असती तर थर मोकळा राहिला असता, आणि इथल्या दुकानात भाताची तुसं पिशवीत भरून याच कामासाठी विकतात. तुसाला पैसे पडतात हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला. मी तोटी हलवली, नळीत फुंकर मारली, घामाघूम झालो.

"सरक," आई म्हणाली. लाकडी पळी घेतली, तळाला न लावता सगळं हलक्या हातानं उचलून मोकळं केलं, आणि हात पुसत खाली बसली. "आता निवांत बसू दे. धा मिंटं हात लावू नगंस. घाईनं कुठलाबी रस निघत न्हाई."

दहा मिनिटांनी तोटी उघडली. पहिला गढूळ रस दोनदा परत वरून ओतला, तिसऱ्यांदा स्वच्छ आला. काळा, पण उजेडात धरला तर कडेनं तांबूस. काकवीसारखा. म्हातारबा टोपी काढून आईला म्हणाले, "मॅडम, तुम्ही किती वर्षं बिअर करताय?" मी भाषांतर केलं. करताना माझ्या लक्षात आलं की मी 'बिअर' हा शब्द तसाच म्हणून गेलोय.

आई काही बोलली नाही. मी दुसरं पाणी ओतत राहिलो.

पातेल्यात पंचवीस लिटर रस जमला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. म्हातारबा जेवायला घरी गेले. मी शेगडी मोठी केली. आई खुर्ची ओढून पातेल्याजवळ बसली, म्हणजे जिथं गुळव्या उभा राहतो तिथं.

"ह्यात नवसागर किती घालत्यात?"

"नवसागर न्हाई आई. ते हातभट्टीत."

"आन् गूळ?"

"गूळबी न्हाई. ही धान्याचीच. तिकडं पिंपाला दोन रवे गूळ लागतो, काळा, आन् वर..."

"दोन रवे," आई म्हणाली.

मी थांबलो.

"तुला कसं ठावं दोन रवे?"

तेवढ्यात पातेल्यातला फेस चढायला लागला. पहिली उकळी येताना तो असा चढतो की डोळ्यांदेखत पातेलं वाढल्यासारखं वाटतं. तपकिरी, दाट. मी शेगडीकडं धावलो, आई घरात धावली. मी गॅस बारीक करेपर्यंत काठावरून ओघळ गेलाच. आई शेंगतेलाची बाटली घेऊन आली आणि बोटांनी चार थेंब शिंपडले. फेस बसला. गुऱ्हाळावर काहील चढली की असंच करतात. मग तिनं माझ्या हातातून झारा घेतला आणि वरची मळी काढायला लागली. तिची पाठ माझ्याकडं होती.

मी सांगून टाकलं. त्या पाठीलाच सांगितलं. तेराव्या वर्षी, शाळा सुटल्यावर, सायकलच्या कॅरेजला पोतं बांधून आण्णांचा काळा गूळ मी ओढ्यापलीकडं नेत होतो. दर दोन-तीन दिवसांनी, दहा-दहा किलोचे दोन रवे. तिथं ओढ्याच्या दरडीत पिंपं पुरलेली असायची, आणि त्यातलं रसायन बुडबुडत असायचं. गोडसर, आंबूस वास. पहिल्यांदा त्या माणसानं पैसे दिले. पुढं पैसे कमी आणि पिशवीत एक बाटली. ती मी शर्टाच्या आत धरून घरी आणायचो आणि गोठ्यात गव्हाणीमागं ठेवायचो. आण्णांनी सांगितलेल्या जागी. पावणेदोन वर्षं. चार वर्षांनी त्यांच्या पोटात पाणी झालं, कावीळ उतरेना, आणि ते गेले. आई मला शपथ घालत होती तेव्हा मला एवढंच वाटत होतं की हिला माहीत नाही. हिला जर माहीत असतं तर हिनं मला देव्हाऱ्यासमोर उभंसुद्धा केलं नसतं.

आईनं झारा पातेल्याच्या काठावर झटकला.

"कॅरेजला मुंग्या लागायच्या," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"सायकलीच्या कॅरेजला. शाळंच्या दप्तराला मुंग्या लागत्यात का रं कधी? सांजंला वल्लं फडकं घिऊन मी पुसायची. आण्णाला कळू ने म्हणून न्हाई. तुला कळू ने म्हणून, की मला कळलंय."

शेगडीचा आवाज चालू होता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"बोलले आसते तर तू गेला नसतास. मग त्यो सोता गेला आसता. सोता गेला की तिकडंच ओढ्यात पडायचा, दोन-दोन दिवस. तू आणून दिलीस की गोठ्यात तरी पडायचा. माझ्या दाराम्होरं." तिनं पुन्हा मळी काढली. काढायला काही उरलं नव्हतं. "मीच धाडली तुला, म्हण की."

"आन् शपथ?"

"दुसरं काय घालणार हुते?"

बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. तासभर उकळायचं होतं, त्यातली पन्नास मिनिटं शिल्लक होती. मी हॉप्स टाकले. पन्नास ग्रॅम, हिरव्या गोळ्यांच्या रूपात येतात. आईनं एक दाताखाली धरली आणि थुंकली. "कडू लिंबाचा भाऊ हाय," म्हणाली.

"आई, मी शपथ मोडली."

"ते मला जूनमधीच कळलं. चादर धुवाय काढली तवा. पातेलं किती मेणचट झालं हुतं, घासून ठिवलं."

गेलेल्या गोष्टींवर आमच्यात झालेलं बोलणं एवढंच. त्यानंतर तिनं म्हातारबांची चौकशी सुरू केली, हे लोक पितात आणि कामाला कसे जातात, सरकार काही म्हणत नाही का. मी तिला सांगितलं की इथंही एकदा देशभर दारूबंदी होती, १९२० पासून १९३३ पर्यंत, आणि ती आणण्यात बायकांचा मोठा वाटा होता. कॅरी नेशन नावाची एक बाई कॅन्ससमध्ये कुऱ्हाड घेऊन दारूचे गुत्ते फोडत फिरायची.

"कुऱ्हाड?" आई खूश झाली. "आमी लाटणी घिऊन गेलतो."

ते मला ठाऊक होतं. आण्णा गेल्यानंतर काही वर्षांनी गावातलं परवान्याचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान मागितलं होतं. दुकान चालू हवं तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद हवं तर आडव्या. मी पुण्याला होतो. आईनं वाडीवस्तीवर फिरून सह्या गोळा केल्या. आलेल्या बायकांनी जवळजवळ सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान राहिलं. कारण नियम असा की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत, नुसती आलेल्यांपैकी नाही. यादीत सासरी गेलेल्या लेकी होत्या, मुंबईला गेलेल्या सुना होत्या, मेलेल्या म्हाताऱ्याही होत्या. एक्केचाळीस मतं कमी पडली. आई अजून तो आकडा सांगते. आणि ओढ्यापलीकडच्या भट्टीला तर मतदानच नव्हतं, कारण ती कागदावर नव्हतीच.

इथली बंदी उठल्यावरही घरी बिअर करणं बेकायदाच राहिलं होतं. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा ते सुटलं. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर, विकायची मात्र नाही. आपल्याकडं हेच पातेलं गॅरेजमध्ये ठेवलं तर गुन्हा आहे. आईनं साडेसातशेला दोननं भागलं, मग दिवसांनी भागायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "इकायची न्हाई ह्ये बरं केलं," एवढंच म्हणाली.

तांब्याची नळी पातेल्यात सोडून तिच्यातून नळाचं थंड पाणी फिरवलं आणि रस अर्ध्या तासात निववला. घनतामापक बुडवला तर १.०५०. व्हायला हवा होता १.०५८. म्हणजे धान्यातली बरीच साखर धान्यातच राहून गेली. म्हातारबा म्हणाले, पहिल्या वेळी सगळ्यांची राहते. रस बुधल्यात ओतला, आयरिश यीस्टची पुडी घातली. "इरजण," आई म्हणाली. मी हो म्हणालो. चोथा बादल्यांत भरून खरंच म्हातारबांच्या गायींना घातला, त्यामुळे सकाळचं माझं बोलणं अगदीच खोटं ठरलं नाही. त्यातला वाडगाभर आईनं ठेवून घेतला आणि रात्री थालीपीठं लावली. चव बरी होती, पण तुसं दातांत अडकत होती. बायकोनं दुसरं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातून आवाज यायला लागला. बुधल्याच्या तोंडावर पाण्याचा सापळा असतो, आतला वायू त्यातून बाहेर पडतो. बुड. बुड. बुड. मी जिन्यात उभा राहिलो आणि मला ओढ्याची दरड दिसली. खाली गेलो तर आई आधीच तिथं होती, स्टुलावर, मान तिरकी करून.

दोन आठवड्यांनी आवाज थांबला, १.०१६ वर. कॉफी आदल्या रात्री घातली होती. साठ ग्रॅम जाडसर दळलेली, अर्धा लिटर थंड पाण्यात, फ्रिजमध्ये. उकळून घातली तर कडवट तुरट होते, म्हणून थंड. आमच्या घरी पूर्वी कॉफी फक्त दोन वेळा व्हायची, परीक्षेच्या पहाटे आणि पाहुणा फार मोठा असला तर. आईनं ती फडक्यातून गाळून दिली.

बाटलीत भरताना थोडी साखर घालावी लागते, तिच्यावर उरलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि बाटलीत फेस तयार होतो. मी मक्याची साखर आणली होती. आई वर गेली आणि दुकानातून आणलेल्या गुळाचा खडा घेऊन आली. पिवळाधमक, चांगला गूळ. मी तिला म्हणालो, नको, मापात बसणार नाही, बाटल्या फुटतील. ती ऐकेना. शेवटी लॅबमधल्यासारखा हिशेब मांडला, गुळात साखर किती धरायची ते ठरवलं आणि १३० ग्रॅम वजन केला. खडा फोडायच्या आधी तिनं तो उजेडात धरून उलटसुलट बघितला.

"लागलेला न्हाई," ती म्हणाली, आणि मला दिला.

अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या. झाकणं दाबायच्या यंत्राचा दांडा तिनंच ओढला, शेवटच्या दहा सोडून. नंतर तिचा खांदा भरून आला. तीन दिवसांनी तिचं विमान होतं.

नोव्हेंबरात पहिली बाटली म्हातारबांकडं फोडली. ते कुबड्यांवर होते. रंग चांगला, कॉफीचा वास पहिल्यांदा, मागून भाजकं जव. थोडी पातळ. फेस वर आला आणि लगेच गेला. त्यांनी त्याचा दोष आईच्या चार थेंब तेलाला दिला आणि वर म्हणाले, तिला सांगू नकोस. गुळाची चव लागत नव्हती, ती सगळी यीस्टनं खाल्ली होती. मला मात्र ती शोधत बसायची सवय लागली. मी एका बैठकीला एकच पितो. तीही रोज नाही. हे मी आईला न विचारता सांगितलं.

रात्री फोन केला तेव्हा तिकडं सकाळ होती, ती गोठ्यात होती. मागं म्हशीचा आवाज येत होता.

"फुटली का एखादी?"

"न्हाई. सगळ्या शाबूत हायत."

"कशा ठिवल्यास? उभ्या का आडव्या?"

"उभ्याच ठेवाव्या लागतात आई. गाळ तळाला बसला पाहिजे."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग हसायचा आवाज आला.

"सत्तेचाळीस उभ्याच ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "माझी एक आडवी ठेव."

मी फोन हातात धरूनच तळघरात उतरलो आणि एक बाटली आडवी केली. ती अजून तशीच आहे. गाळ एका कडेला बसलाय.